तीन ठोक्यांचे मानकरी

बेकरीवाल्यांचा स्वभाव तसा वाईट नव्हता. झोप पूर्ण झालेली असली की ते माणसात असत. अडचण एवढीच, की ती कधी पूर्ण होत नसे. लोक साखरझोपेत असताना हे उठायचे, पीठ मळायचे, भट्टी तापवायचे, आणि गाव दात घासायला लागेपर्यंत यांचा अर्धा दिवस संपलेला असायचा. दुपारी जेवून वर घरात पाठ टेकायची, तीच त्यांची रात्र. तेवढा वेळ बायको भांड्याला भांडं लागू देत नसे. लेकीला तर लहानपणी वाटायचं, की सगळ्यांचेच वडील दुपारी मरतात आणि संध्याकाळी जिवंत होतात.

आणि नेमके दुपारीच शेजारच्या बिऱ्हाडातले मास्तर पियानोला बसत.

मास्तर शिकवण्या करायचे. सकाळ-संध्याकाळ लोकांच्या पोरांची बोटं वळवायची आणि मधली मोकळी दुपार स्वतःच्या रचनांना द्यायची, असा त्यांचा शिरस्ता. घर सांभाळायला थोरली बहीण होती, तिला सगळे ताई म्हणत. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. पियानो आणल्यावर घरात तिसऱ्या माणसाला जागाच उरली नाही, असं ताई सांगत. दोन बिऱ्हाडांमधली भिंत एका विटेची. तिकडे मास्तर खोकले की इकडे बेकरीवाल्यांची बायको नवऱ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन यायची.

मास्तरांनी सलग काही वाजवलं असतं तर बेकरीवाले झोपलेही असते. पण त्यांची तऱ्हाच निराळी. एकच ओळ वाजवायची, मध्येच थांबायचं, पुन्हा तीच ओळ, जराशी मोडून. डोळा लागता लागता ओळ अर्ध्यावर तुटायची, पुढे काय म्हणून कान टवकारले जायचे, आणि पुढे काहीच नाही. पुन्हा पहिल्यापासून.

पाव भट्टीत सारायच्या फावड्याचा एक मोडका दांडा बेकरीवाल्यांनी उशाशी ठेवला होता. पडल्या पडल्याच ते भिंतीवर हाणायचे. दोन ठोके लागोपाठ, तिसरा जरा उशिराने, कारण पीठ मळून मळून उजवा खांदा गेलेला. तिसऱ्या खेपेला हात वर जायला कुरकुर करायचा. पलीकडे पियानो गप्प. मग थोड्या वेळाने, जणू काही झालंच नाही अशा थाटात, तीच ओळ पुन्हा.

हे वर्षानुवर्षं चाललं. बेकरीवाले घरमालकाकडे गेले, तर घरमालकाची मुलगी मास्तरांकडेच शिकत होती. जिन्यात गाठ पडली की दोघे एकमेकांच्या पायांतल्या बुटांना नमस्कार करत. एकदा मात्र बेकरीवाल्यांची सहनशक्ती संपली आणि ते थेट दारावर जाऊन थडकले. दार ताईंनी उघडलं.

"मास्तरांना म्हणावं, जरा माणसासारखं वागा!"

"तो माणसासारखाच वागतोय," ताई म्हणाल्या. "दुपारी मांजरं झोपतात." आणि दार लावून घेतलं.

मास्तर एका हिवाळ्यात छातीत कफ होऊन वारले. बेकरीवाले अंत्यविधीला गेले, खांदाही दिला. डावा, कारण उजवा कामाचा नव्हता. परत आले आणि दुपारी जे झोपले ते असे गाढ, की संध्याकाळचं दुकान बायकोलाच उघडावं लागलं. उठल्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शोभतं का गं हे?" त्यांनी बायकोला विचारलं.

"शोभत नाही," ती म्हणाली, "पण तुमचा चेहरा किती दिवसांनी तजेलदार दिसतोय!"

पुढे काही वर्षांनी मास्तरांची कीर्ती झाली. कशी, ते गावाला नीटसं उमगलं नाही. परदेशातल्या कुणा बड्या वादकाने त्यांची एक रचना रेकॉर्ड केली, ती लोकांनी डोक्यावर घेतली, आणि ज्या नगरपालिकेने मास्तरांना हयातीत कधी सभागृह फुकट दिलं नव्हतं, तिला आपल्या या थोर सुपुत्राच्या आठवणीने एकाएकी गहिवरून आलं. मास्तरांच्या नावाचा महोत्सव ठरला. सगळ्या मैफली त्यांच्याच रचनांच्या, दुसऱ्या कोणाचा एक सूर नाही. समितीचे चिटणीस मास्तरांच्या ओळखीची माणसं धुंडाळू लागले, तेव्हा ताई सोडल्या तर हाती लागले ते एकटे बेकरीवाले. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचा उल्लेख 'निकटचे सहवासी' असा झाला. निकटचे तर खरंच. मध्ये वीतभर भिंत होती.

पहिल्या मैफलीला बेकरीवाले पहिल्या रांगेत बसले, लेकीच्या लग्नातला कोट पोटावर ओढून-ताणून. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला ताई. वादनाआधी एका प्राध्यापिकाबाईंनी रचना समजावून सांगितली.

"या रचनेच्या मध्यावर तीन ठोके येतात," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "दोन लागोपाठ. मग एक जीवघेणा विराम. आणि तिसरा. मृत्यू दाराशी येऊन उभा आहे. पण तिसऱ्या ठोक्याआधी तो क्षणभर घुटमळतो. कलावंताची त्यालाही दया येते."

सभागृहाने सुस्कारा सोडला. समितीने बोलावलेला आपल्याकडचाच एक वादक येऊन बसला. पहिली ओळ कानावर पडताच बेकरीवाल्यांच्या अंगावर काटा आला, तो भक्तीने नव्हे, जुन्या रागाने. ओळ नेहमीच्या जागी तुटली. वादकाने पियानोचं झाकण लावलं, डोळे मिटले आणि लाकडावर मूठ आपटली. ठक ठक. आणि मग, जरा उशिराने, ठक.

बेकरीवाल्यांचा उजवा खांदा आपोआप कळवळला. बायकोने रुमालाचा बोळा तोंडात कोंबला, तरी ती हसून हसून गदगदत होती. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कुजबुजल्या, "रडून घ्या, मन हलकं होईल."

मध्यंतरात बेकरीवाल्यांनी ताईंना गाठलं.

"ताई, तो मृत्यूबित्यू काही नव्हता. तो मी होतो."

"मग मला काय ठाऊक नाही?" ताई चहा फुंकत म्हणाल्या. "तो म्हणालाच होता, हा माणूस माझं ऐकायला कधी येणार नाही, पण साथ मात्र रोज करतो, तीही बेताल. लिहूनच ठेवतो."

"मग तुम्ही त्या बाईंना सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, वयोमानाने असं होतं." ताईंनी कप खाली ठेवला. "आता तुम्हीही गप्प बसा. मृत्यू आला म्हणून हे सभागृह भरलंय. बेकरीवाला आला म्हणून कोण येणार?"

पण अन्याय सहन करणं बेकरीवाल्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरांच्या वेळी ते उठून उभे राहिले. कपाळावर घाम, आवाज चढलेला.

"बाई, तो मृत्यू... तो मीच होतो!"

मग कुठूनतरी एक टाळी वाजली, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. प्राध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला: 'तो मृत्यू मीच! जिवलग सहवाशाची हृदयद्रावक कबुली'.

पेपर हातात घेऊन बेकरीवाले चिटणिसांकडे धावले. "अहो, मी दांड्याने भिंत ठोकत होतो! माझी झोपमोड होत होती म्हणून!"

चिटणिसांनी त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले. "कळलं हो, कळलं. झोप म्हणजे चिरनिद्रा."

पुढच्या वर्षी वादकाच्या डोक्यातून कल्पना निघाली, की ठोके पियानोवर नकोत, पडद्याआडून खऱ्या लाकडावर वाजू देत, आणि ते निकटच्या सहवाशांनीच वाजवावेत. बेकरीवाले हरखले. उशिरा का होईना, न्याय झाला! दांडा तेल लावून चकचकीत केला, सराव म्हणून दुकानात पिठाच्या पिंपावर ठोकाठोकी केली. गिऱ्हाईकं पाव न घेताच परत गेली, तरी त्यांना पर्वा नव्हती.

घोटाळा तालमीत झाला. मधल्या काळात जावयाने पीठ मळायचं यंत्र आणलं होतं, आणि आराम मिळून खांदा साफ बरा झाला होता. तिन्ही ठोके सरळ रांगेत पडले.

"तिसरा उशिरा हवा," वादक म्हणाला.

बेकरीवाल्यांनी उशीर केला. तो फार झाला. मग कमी केला, तो फारच कमी झाला.

"काका, राग मानू नका," वादक शेवटी जवळ येऊन म्हणाला, "पण तुमच्या ठोक्यात आशय नाही. तुम्ही कोणावर तरी चिडल्यासारखे ठोकताय."

"अहो, चिडलोच होतो!"

"तेच नको. मृत्यू तटस्थ असतो."

मैफलीत ठोके संगीत शाळेतल्या ड्रम शिकवणाऱ्याने वाजवले. पेपराने लिहिलं, की रचना प्रथमच तिच्या अस्सल रूपात ऐकायला मिळाली.

दोन दिवस बेकरीवाले कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गरम पाव घेऊन ते ताईंकडे गेले. इतक्या वर्षांत त्या घराचा उंबरा त्यांनी पहिल्यांदाच ओलांडला. पियानोवर धूळ होती. भिंत तिकडून अगदीच साधी दिसत होती.

"माझेच ठोके, आणि मीच नापास!" ते म्हणाले.

ताईंनी पाव मोडला.

"तुम्ही लेकीच्या लग्नासाठी बाहेरगावी गेला होतात, आठवतं? तेव्हा तो रोज पियानोशी बसायचा, ती ओळ वाजवायचा, थांबायचा आणि भिंतीकडे बघायचा. पुढे सुचायचंच नाही. शेवटी मला म्हणाला, जाऊन बघ गं, मेलाबिला की काय."

"मेला म्हणाले?"

"मेलाबिला की काय, असं. काळजीनेच."

बेकरीवाल्यांनी हनुवटी खाजवली. मग म्हणाले, "मोठा विचित्र माणूस," आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. निघताना त्यांनी उरलेले पावही तिथेच ठेवले आणि त्यानंतर रोज एक पाव ताईंच्या दाराला लटकू लागला. बायकोने कारण विचारलं, तर म्हणाले, "शिळा होतो, म्हणून देतो." पाव ताजाच असे.

महोत्सव आणखी काही वर्षं चालला. मग समितीला कंटाळा आला. मास्तरांच्या रचना मोजक्याच, त्या लोकांना पाठ झाल्या होत्या. चिटणिसांनी कुठूनतरी शोध लावला, की मास्तरांहून कितीतरी थोर असा एक जुना संगीतकार प्रकृतीसाठी हवापालट म्हणून एक उन्हाळा याच गावात राहून गेला होता. झालं! फलक उतरले, नवे चढले, सगळ्या मैफली आता त्याच्या. ताईंना पहिल्या रांगेतून चौथीत नेलं. बेकरीवाल्यांना मात्र चिटणीस स्वतः भेटायला आले.

"काका, तुम्ही तेव्हा लहान असाल. त्यांना पाहिल्याचं काही आठवतं?"

बेकरीवाल्यांनी चिटणिसांकडे नीट निरखून पाहिलं. चिटणीस पेन काढून तयार होते.

"आठवतं की," बेकरीवाले संथपणे म्हणाले. "फार शांत माणूस. बोलायचे कमी. पण हात मोठे बोलके."

चिटणिसांनी लगबगीने टिपून घेतलं, त्यांचा चेहरा उजळला, आणि उद्घाटनाचं भाषण तुम्हीच करा असा आग्रह धरून ते निघून गेले. बायको गल्ल्यापाशी उभी राहून ऐकत होती.

"अहो, तुम्ही कधी पाहिलंत त्यांना?"

"उन्हाळाभर राहिले म्हणजे पाव खाल्लेच असतील ना?" बेकरीवाले म्हणाले, आणि भाषणाला कोणता कोट घालायचा याचा विचार करत परातीतले पाव मोजायला लागले.