खिडकीजवळची जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, फिरोजला नाही – आणि फिरोजला तर मी पोट बिघडलं तरी फोन करून सांगतो.

तुम्ही म्हणाल, ह्या माणसाकडे लपवण्यासारखं राहिलंय काय? खरं आहे. माझ्या फजित्या अर्ध्या शिरूरला पाठ आहेत. न्हावऱ्याच्या एका लग्नात चुकीच्या मांडवात शिरून पोटभर जेवलो, वर नवरदेवाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. तो फोटो त्या घरात अजून भिंतीवर आहे म्हणे, आणि हा पाहुणा कुणाकडचा यावर दोन्ही बाजूंचं अजून एकमत झालेलं नाही. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेलो ते दोन्ही पायांत डावेच बूट घालून. हे सगळं मी चवीनं सांगतो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. फक्त एक गोष्ट सोडून. कधी कधी वाटतं – ती सांगायची वेळ येऊ नये म्हणूनच मी बाकीच्या इतक्या जमवल्या का?

बघा, लांबण लावतोय. तुमच्या लक्षात आलं असेलच.

दोन हजार सालाच्या आगेमागे मी शिरूरच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. अभ्यासात यथातथाच, पण नकला करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. प्राचार्यांची चाल, शिपाईमामांची शिंक, एसटी कंडक्टरची तिकीट पंच करायची लकब – काहीही सांगा. आमच्या मानसशास्त्राच्या मॅडमना वाटलं, जो माणसं इतकी बारकाईनं बघतो तो माणसांचं ऐकतही असेल. एवढ्या शिकलेल्या बाईंची एवढी मोठी चूक कशी झाली असेल?

झालं होतं असं की आदल्या वर्षी होस्टेलमधला एक मुलगा पेटी उचलून गुपचूप घरी निघून गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या खोलीत राहणाऱ्या तिघांना म्हणे काही जाणवलंच नव्हतं. मॅडमच्या मनाला ते लागलं. पोरं सरांशी बोलत नाहीत, घरी बोलत नाहीत, पण पोरांशी बोलतील – असं म्हणून त्यांनी वरच्या वर्गातले सहा जण निवडले आणि आम्हाला ‘सोबती’ असं नाव दिलं. दोन रविवार शिकवणी घेतली. ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. उपदेश करायचा नाही. आणि ऐकलेलं त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. खोली म्हणजे जिमखान्याचं सामान ठेवायची जागा – भाले, हवा गेलेले व्हॉलीबॉल आणि दोन खुर्च्या. फिरोजही सोबती होता. त्याच्याकडे पोरं रांगेनं यायची. माझ्याकडे पहिला महिनाभर कुणी फिरकलं नाही. मग मल्हारी आला.

मल्हारी राहूचा, दौंड तालुक्यातला. पहिल्या वर्षाला, सायन्सला. आजोबांच्या काळापर्यंत घरची मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला हा पहिलाच. तो खुर्चीवर बसला आणि पंधरा मिनिटं काहीच बोलला नाही. मीही नाही बोललो – मला वाटलं, वा, जमतंय की आपल्याला! मग तो हळूच म्हणाला, “दादा, वर्गाच्या दारात गेलो की कान बंद व्हत्यात. छातीत नुसतं धाडधाड. सर हजेरी घेत्यात ती ऐकू येती, पर तोंडातनं ‘येस सर’ निघत न्हाई. मंग मी माघारी फिरतो.”

असं तीन महिने चाललं होतं. तो रोज वर्गाच्या दारापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. घरी सांगायचा, अभ्यास चांगला चाललाय.

तो दर बुधवारी यायला लागला. एकदा मी विचारलं, मग धडधड थांबते कशी? तो लाजला. मग म्हणाला, आबा – म्हणजे त्याचे आजोबा – संध्याकाळी मेंढरं वाघुरात घ्यायचे, वाघूर म्हणजे जाळ्याचं कुंपण, तेव्हा एकेकीला नावानं हाक मारायचे. बांडी, मोरी, काजळी, बुचडी, चांदी. सगळी आत आली की आबा खाली बसायचे. मेंढरं कधीच विकली होती, आबाही गेले होते. पण मल्हारीला ती नावं क्रमानं पाठ होती. छाती धडधडायला लागली की तो जिन्याखाली उभा राहून, ओठातल्या ओठात, एकेकीला आत घ्यायचा. शेवटची चांदी आत आली की श्वास खाली बसायचा.

“कुनाला सांगू नगा हां दादा. येडा म्हनत्याल.”

मी म्हणालो, छे रे.

आणि तुम्हाला खरं सांगू? त्या क्षणीच माझ्या डोक्यात घोंगडं आणि काठी येऊन उभी राहिली होती.

स्नेहसंमेलनात माझी एकपात्री नक्कल ठरलेली असायची. त्या वर्षी नवीन काही सुचत नव्हतं. मी सुचू दिलं. घोंगडं पांघरलं, हातात काठी घेतली आणि रंगवला एक पोरगा, जो पेपरला बसतो आणि प्रश्न आला नाही की मेंढरांना हाका मारतो. हिर्रर्र! ये बांडे, ये मोरे, ये गं काजळे, उत्तर घेऊन ये! मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. प्राचार्य रुमालानं डोळे पुसत होते. मी नावही बदललं नव्हतं कुणाचं – मेंढरांचं, म्हणजे. इतकी छान नावं बदलायची कशाला, असा मी कलावंत!

तो कशाला येतोय गर्दीत, अशी माझी खात्री होती. पण मीच त्याला आठवडाभर आधी सांगून बसलो होतो – मल्हारी, संमेलनाला ये, माणसांत बसून बघ, मी स्टेजवर असेन, भीती वाटली तर माझ्याकडे बघ. आणि ते मी विसरून गेलो होतो. तो आला होता. दुसऱ्या रांगेत कडेला बसला होता. सांगितल्याप्रमाणे माझ्याकडे बघत.

दुसऱ्या दिवसापासून तो आवारातून निघाला की कुठून तरी ‘हिर्रर्र’ ऐकू यायचं. नकलेतला पोरगा म्हणजे हाच, हे पोरांना कसं कळलं? जिन्याखाली कुणीतरी कधी ऐकलं असेल. की तो नक्कल चालू असताना उठून गेला, तेच पुरेसं झालं? चौथ्या दिवशी होस्टेलवर त्याची कॉट रिकामी होती.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो कबुलीजबाब. नाही हो. हे तर सगळ्या मंडपानं पाहिलंय. ह्याबद्दल फिरोजनं मला जिमखान्याच्या दारात धरून शिव्या घातल्या. “अरे, तुझ्याकडं मन मोकळं करायला आला होता तो, तमाशा व्हायला नाही!” असं म्हणून तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मॅडमना मी मल्हारीचं सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभा राहिलो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरचं एक पाकीट माझ्यापुढे सरकवलं. म्हणाल्या, “माफी माझी मागू नकोस. त्याची माग. उद्या राहूला जा आणि हे त्याच्या हातात दे. शनिवारी फॉर्मची मुदत संपते.”

पाकिटात त्याचा परीक्षेचा फॉर्म होता. मॅडमनी स्वतः भरलेला, फक्त त्याची सही राहिलेली. आणि एक चिठ्ठी.

मी निघालो. सकाळच्या एसटीनं न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून केडगाव. त्यांच्या घरी द्यायला म्हणून शेवचिवड्याचा पुडासुद्धा घेतला. केडगावला राहूचं वडाप उभं होतं – जीप भरली की निघणार. मी मागच्या बाकावर बसलो. शेजारी एक पागोटंवाले म्हातारे.

“कुनाकडं चाल्लाय पावनं?”

मी मल्हारीचं नाव सांगितलं.

“अरं, आमच्याच भावकीतलं की! लई गुनी पोर. पर आता मुक्यावानी बसतंय. जेवत न्हाई, धड झोपत न्हाई. त्याची आई रोज डोळ्याला पदर लावती. कॉलेजात कुन्या भाड्यानं त्याची चेष्टा केली म्हनं, समद्यांपुढं.” मग ते माझ्याकडे वळले. “तुमी कॉलेजातलंच का? मंग तुमाला ठावं असंल की, कोन त्यो?”

मी म्हणालो, “नाही आप्पा. मी दुसऱ्या कॉलेजचा.”

आणि – पाणी पिऊन येतो, असं सांगून जीपमधून उतरलो.

एवढंच. मारलं नसतं हो मला कुणी. मारलं असतं तरी काय? पण मला म्हाताऱ्यांची भीती नव्हती वाटली. त्या घरात जाऊन बसायचं, त्याच्या आईनं पुढं केलेला चहा प्यायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं – ह्याची वाटली. ज्याला हजेरीला ‘येस सर’ म्हणता येत नव्हतं, त्याला मी धीर द्यायला निघालो होतो. आणि मला एका जीपमध्ये बसून राहता आलं नाही.

टपरीच्या आडून मी पाहत होतो. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. म्हाताऱ्यांनी खाली उतरून इकडं तिकडं पाहिलं, “पावनं! ओ पावनं!” अशा हाका मारल्या. माझ्यासाठी धरलेली जागा एका बाईंना दिली. जीप गेली. मी केडगाव स्टेशनच्या बाकड्यावर बसलो आणि शेवचिवडा खाल्ला. सगळा. मग ते पाकीट उघडलं.

परत येऊन मॅडमना सांगितलं, भेटलो. चिठ्ठी दिली. घरचे म्हणतात शेतात माणूस कमी आहे, आता पाठवणार नाही. तोही म्हणाला, मला यायचं नाही. हे सांगताना मी त्याच्या वडिलांचा आवाजही काढला – हो, काढला – आणि तो इतका हुबेहूब निघाला की मॅडमनी विश्वास ठेवला. त्याच्या वडिलांना मी आजवर पाहिलेलं नाही.

“म्हणजे मलाच उशीर झाला,” असं म्हणाल्या त्या. सोबती त्यांनी वर्षअखेरीला बंद केलं. आपल्याला हे जमत नाही, असं त्यांना वाटलं. ते कुणाला जमलं नव्हतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पाच-सहा वर्षांनी मी कारेगावजवळच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खिडकीवर होतो. कंत्राटी कामगारांची भरती चालू होती. खिडकीतून एक अर्ज आत आला. गाव राहू, शिक्षण बारावी. मी मान वर केली.

“दादा! वळाखलं का?”

त्याचा चेहरा उजळला होता. उजळला होता, हे नीट वाचा. माझ्याकडे बघून. अर्ज तपासायच्या निमित्तानं मी खाली बघत राहिलो. तो आपणहून म्हणाला, “त्या नकलेचं तुमी काय मनात ठेवू नगा. तुमची कलाच हाय ती.” मग खिडकीशी वाकून, “मॅडम बऱ्या हायेत का? लई दिस वाट बघितली म्या. त्यांनी येक चिठ्ठी जरी धाडली असती ना, तर आलो असतो बगा. मंग म्हनलं, त्यांना तरी किती पोरं.”

आता तरी सांगायचं होतं. मागे रांग होती, कंत्राटदार ओरडत होता, हे सगळं खरं आहे आणि ह्यातलं काहीच कारण नाही.

मी म्हणालो, “त्यांची तेव्हाच बदली झाली होती रे.”

“व्हय का? तरीच.” त्याचा चेहरा मोकळा झाला. मी त्याच्या अर्जावर शिक्का मारला.

चिठ्ठी माझ्या दाखल्यांच्या फायलीत आहे, फॉर्मसकट. चारच ओळी आहेत. “मल्हारी, परीक्षेला तुला वेगळ्या खोलीत बसायची परवानगी मी घेतली आहे. खिडकीजवळची जागा तुझी. मी दाराशीच असेन. मनातल्या मनात ज्यांना हाका मारायच्या असतील त्यांना मार, कुणी हसणार नाही. तू फक्त ये.”

मल्हारी त्या कंपनीत अकरा महिने होता. रोज सकाळी कार्ड पंच करायला माझ्या खिडकीसमोरून जायचा आणि हात वर करायचा. मीही करायचो. माझं घर कंपनीपासून दहा मिनिटांवर होतं. त्या अकरा महिन्यांत एकदाही मी ती चिठ्ठी खिशात घालून निघालो नाही.