कळशीवरचं नाव

सोमवारी सकाळी ह्यांना कारखान्यात उत्तर द्यायचं होतं, आणि ते उत्तर खरं म्हणजे माझ्याकडून हवं होतं. माझे यजमान तळोज्याच्या ज्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते, तो सगळा गुजरातेत हलणार होता. येणाऱ्यांनी तसं सांगावं, बाकीच्यांनी हिशेब करून घ्यावा. हे गेले तर मी पनवेलच्या शाळेतली नोकरी सोडून मागोमाग जायचं, नाहीतर ह्यांनी पन्नाशीच्या तोंडावर दुसरी नोकरी शोधायची. ह्यांनी जावं आणि मी इथेच राहावं, हा तिसरा मार्ग आमच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारलाच नव्हता. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर होता, त्यामुळे घरात उच्चारणारे तरी आम्ही दोघंच.

"दोन दिवस निवांत फिरून येऊ, मग बघू," हे म्हणाले. "तू म्हणशील तसं."

आमच्याकडे 'तू म्हणशील तसं' याचा अर्थ ह्यांचं ठरलेलं आहे आणि आता ते मी म्हणायचं आहे, असा होता.

निवांत फिरायचं म्हणून मी पहाटे उठले. दशम्या केल्या, लसणाची चटणी कुटली, चादरी बांधल्या, गॅस दोनदा तपासला. निघायच्या आधीच मला घरी परतावंसं वाटायला लागलं होतं. त्या वर्षी मी दमलेलीच होते. शाळा, घर आणि ह्यांच्या पाळ्यांप्रमाणे बदलणाऱ्या जेवणाच्या वेळा. झोप झाली तरी अंग जडच असायचं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या मी इमानेइतबारे घेत होते.

दिवाळी होऊन गेली होती. स्कूटरवरून नेऱ्यामार्गे आम्ही गाढेश्वरच्या धरणावर पोचलो. पाणी अजून काठोकाठ होतं आणि पलीकडे माथेरानचे डोंगर स्वच्छ दिसत होते. आम्ही काठाकाठाने चालायला लागलो. हे पुढे, मी मागे. चालता चालता ह्यांनी गुजरातचं कौतुक सुरू केलं. क्वार्टर मिळेल, समोर बाग आहे, चोवीस तास पाणी.

"चोवीस तास पाणी घेऊन मी करू काय?" मी म्हटलं. "पोहू?"

समोर ते अफाट पाणी पसरलं होतं आणि त्यातलंच आमच्या नळाला दिवसाआड तासभर यायचं, ही गोष्ट वेगळी. हे हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी ते चिडून म्हटलं होतं. एका आंब्याखाली बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. बावीस वर्षांच्या संसारात असं भर दुपारी काही न करता आम्ही कधी बसलो नव्हतो, त्यामुळे काय बोलायचं तेही कळेना. ह्यांनी दोन-तीन दगड पाण्यात मारले. मी डबा विसळून आणला.

रात्री एका ओळखीच्यांच्या रिकाम्या फार्महाऊसवर मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी कर्नाळ्याला गेलो. सुळक्याच्या पायथ्यापर्यंत जायचं असं ह्यांचं ठरलं होतं. अर्ध्या वाटेवर माझे गुडघे बोलायला लागले. "तुम्ही जाऊन या," मी म्हटलं आणि एका दगडावर बसले. हे जरा घुटमळले, मग गेले. त्या तासाभरात मला कुणी काही विचारलं नाही, कुणाला काही वाढायचं नव्हतं. दोन दिवसांतला तेवढाच वेळ मी खरी सहलीला गेले होते.

परतीच्या वाटेवर जुन्या वस्तूंची शेड लागली आणि ह्यांनी न विचारता स्कूटर आत घातली. ह्यांना जुन्या वस्तूंचा नाद होता, त्यातही अडकित्त्यांचा. आमच्या घरात सुपारी कुणी खात नाही, पण अडकित्ते खोकाभर आहेत. तेव्हा आसपासच्या गावांतून जमिनींचे पैसे आले होते, मातीची घरं पाडून लोक स्लॅब टाकत होते, आणि पितळ-तांबं मोडीत घालून स्टील घ्यायची लाटच आली होती. ते सगळं या शेडमध्ये येऊन पडायचं. दाराच्या चौकटी, पाळण्याच्या कड्या, हंडे, घंगाळी. शेडचा मालक पनवेलचाच एक म्हातारा चाचा होता. त्याने मला बसायला स्टूल दिलं.

ह्यांना अडकित्ता काही मिळाला नाही. एक तांब्याची कळशी मात्र आवडली. बाहेर उजेडात आणून त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून तिच्या गळ्याजवळचा हिरवा थर घासला. पूर्वी लग्नात दिलेल्या भांड्यांवर घालायचे तसं ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. हे चष्मा वर करून एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायला लागले. आधी 'चि. सौ. कां.', मग एक नाव, आणि पुढे 'हिस सप्रेम भेट'.

ते माझं नाव होतं. म्हणजे लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत होतं. त्यानंतर ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने दुसरं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी तेव्हापासून ती दुसरी झाले. तेव्हा सगळ्यांचंच असं व्हायचं, त्यात रडण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं. आई-वडील होते तोवर ते जुन्या नावाने हाक मारत. ते गेल्यावर ते नाव हाकेतून संपलं. ह्यांच्या तोंडून तर मी ते कधीच ऐकलं नव्हतं. त्या शेडच्या दारात पहिल्यांदा ऐकलं.

"कोण असेल गं ही?" ह्यांनी मला विचारलं.

मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, लक्षात येईल. आत्ता येईल.

"चाचा, हे नाव काढता येईल का?" हे चाचाला म्हणाले. "म्हणजे हिचं नाव घालून घेऊ."

"हां साहेब, का नाही? कासाराकडे द्या. घासलं की साफ. निशाण पण राहणार नाही."

"राहू द्या," मी म्हटलं. "माझंच आहे ते."

"अगं, तुझीच कळशी. तुझ्यासाठीच घेतोय."

"कळशी नाही. नाव. माझं माहेरचं नाव."

ह्यांनी कळशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आठवायचा प्रयत्न करत होते आणि आठवत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. पत्रिकेवर छापलेलं होतं, मुलगी बघायला आले तेव्हा माझ्याच तोंडून ऐकलं होतं. मला राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात काही लागतं. चाचा शहाणा, तो आत निघून गेला.

"तू कधी बोलली नाहीस," हे शेवटी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

कळशी घेतली. पुढे पळस्प्याच्या जरा अलीकडे चहासाठी थांबलो. मी टपरीच्या बाकावर बसले, हे रस्त्याच्या कडेला स्कूटरवर कळशी नीट बांधत होते. ट्रक जात होते. मी पाय ताणून डोळे मिटले. कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, तेही मला ऐकू येत होतं. मारत असेल. आपल्याला काय करायचंय, असं मनात आल्याचंही आठवतं.

टपरीवाल्या बाईने माझ्या खांद्याला हात लावला. "अवो बाई, तुमचं मालक कवापासून हाका मारतात. तुमाला ऐकाया येत नाय का?"

मी डोळे उघडले. हे हातात दोरी घेऊन उभे होते, थोडे लाजलेले. त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली होती, तीनदा की चारदा, आणि मी वळले नव्हते. ह्यांना आता नाव आठवलं होतं आणि मी विसरले होते. शेडमध्ये आलं नव्हतं ते रडू मला तिथे आलं.

हे जवळ येऊन बसले. चहा आला. मी पदराने डोळे पुसले. गुजरातमध्ये क्वार्टर असेल, बाग असेल, आणि मला लोक ह्यांची मिसेस म्हणतील. पनवेलात निदान रस्त्यावरून जाताना शाळेतल्या कुणा पोराने 'बाई' म्हणून हाक मारली, तर मी वळते.

"मी येणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही जा. मी इथे राहते."

ह्यांना काहीतरी म्हणायचं होतं. त्यासाठी आधी मला हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि कोणत्या नावाने मारावी ते न कळून तसेच बसून राहिले.