बटलरदादांचा चौथा नंबर

बटलरदादा हातात आलेली कुठलीही वस्तू आधी हुंगत आणि मग बघत. चहाचा कप, पावाची लादी, नवी छत्री, पोस्टाने आलेलं पाकीट, सगळ्यांना एकच न्याय. मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला, "मास्तर, तुमच्याकडं आज वालाचा बिरडा हाय. पन नारल जरा खवट निघालाय." नारळ खरंच खवट निघाला होता. माझ्या बायकोने ते बोलणं महिनाभर मनात धरलं, आणि पुढची कित्येक वर्षं नारळ घ्यायला जाताना त्यांनाच सोबत नेलं.

उरणच्या बाजूला, मिठागरांना लागून आमचं गाव. दादांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवायचं काम. हे एकटेच जहाजावर गेले, भांडी घासण्यापासून सुरुवात केली, आणि जहाजावरच्या खाण्यापिण्याचा सगळा कारभार सांभाळणारे बटलर होऊन निवृत्त झाले. त्यांना आईबापांनी ठेवलेलं एक चांगलं नाव होतं, पण ते रेशनकार्डापुरतं राहिलं.

इतकी वर्षं समुद्रावर काढून माणसं टीव्ही आणतात, घड्याळं आणतात. दादांनी एक वेड आणलं, फसफसणाऱ्या लाल वाइनचं. पांढऱ्या शॅम्पेनबद्दल त्यांना काडीचाही आदर नव्हता. "ती लगनात पावन्यांवर उरवायला बरी," म्हणायचे. वाइन लाल असावी आणि तिला बुडबुडे असावेत, हे भल्याभल्यांना साधत नाही, म्हणून ज्याला साधलं त्याला मान द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या दरबारात तिघींनाच प्रवेश होता: इटलीची लांब्रुस्को, तिथलीच गुलाबाच्या वासाची गोड ब्राकेत्तो, आणि ऑस्ट्रेलियाची काळपट शिराझ. या तिघींत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न जगाला पडत नसेल. आमच्या आळीला तो दर वर्षी पडायचा.

मार्गशीर्ष संपला की पहिल्या रविवारी सकाळी दहाला दादांच्या ओटीवर बैठक बसायची. सकाळी, कारण जीभ कोरी हवी. त्या दिवशी कुणी सुकट खायची नाही, पान खायचं नाही, अंगाला काही फासायचं नाही. एकदा मी दाढीनंतर सुवासिक पाणी लावून गेलो, तर त्यांनी मला विहिरीवर नेऊन तोंड धुवायला लावलं. घमेल्यात कोळीवाड्यातून आणलेला बर्फ आणि मिठागरातलं जाडं मीठ, त्यात बाटल्या. प्रत्येक बाटलीवर जहाजावरच्या गणवेशातला एकेक पांढरा मोजा चढवलेला, म्हणजे कोणती कोणती ते कळू नये. मोजे धुतलेले आहेत, हे ते दर वर्षी न विचारता सांगत.

परीक्षक आम्ही तिघे. दादा, त्यांचा धाकटा भाऊ जयराम आणि मी. जयरामचे दोन ट्रेलर बंदरातून कंटेनर ओढायचे, आणि बाहेरच्या बाटल्या कुठूनतरी मिळवून आणायचं कामही त्याच्याकडे. मला वाइनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माझी निवड अक्षरावर झाली होती. वहीत रकाने पाडून मी लिहायचं: रंग, फेस, वास, शेपूट, नंबर. शेपूट म्हणजे घोट गिळल्यावर मागे रेंगाळणारी चव. हा शब्द दादांचा, आणि मला अजून त्याच्याहून चांगला सापडलेला नाही.

मग भांडण. जयराम लांब्रुस्कोचा, दादा शिराझचे.

"दादा, तुजी शिराझ म्हंजे खोकल्याचा औषद."

"आन तुजी लांब्रुस्को सरबत हाय. तुज्या नातीच्या वारदिवसाला वाट."

हे बाराला सुरू झालं तर दोनपर्यंत चालायचं. एका वर्षी दोघे भाऊ होळीपर्यंत बोलत नव्हते. वादाचं कारण विचारलं की दोघेही मान वर करून सांगायचे, जसं काही शेताच्या बांधावरून फाटलंय.

मोजा घातलेली चौथी बाटलीही असायची. ती वहिनींची, म्हणजे दादांच्या बायकोची. घरामागच्या जांभळीला ज्येष्ठात फळ धरलं की वहिनी चिनी मातीच्या मोठ्या बरणीत जांभळं घालायच्या, आणि ती उसळी मारत असतानाच दादांनी आणलेल्या जाड काचेच्या बाटल्यांत भरून, बुचाला तार आवळून ठेवायच्या. पावसाळ्यात एकदोन बाटल्या पडवीत धडाधड फुटायच्या. उरलेल्यांचा फेस पाहावा असा, गडद जांभळा आणि हट्टी. मला ती चारही वाइनमध्ये सगळ्यांत जास्त आवडायची, पण अक्षरासाठी नेमलेल्या माणसाच्या मताला किंमत किती असणार? दादा तिला दर वर्षी चौथा नंबर देत. "रंग हाय, फेस हाय. शेपूट न्हाय," एवढाच निकाल. घरच्या माणसाला झुकतं माप दिलं तर बटलरकीला बट्टा लागेल, असं त्यांना वाटायचं. वहिनी एक शब्द बोलायच्या नाहीत. पुढे येऊन दादांच्या हातातला पेला काढून घ्यायच्या. तो पेला नेहमी रिकामा असायचा, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तापाची मोठी साथ येऊन गेली, त्यात दादाही पंधरा दिवस पडून होते. त्यानंतरच्या बैठकींत एक बदल झाला. न बोलणाऱ्या वहिनी बोलायला लागल्या. दादांनी पेला नाकाशी धरला की त्या दारातून स्वतःचा पेला हुंगत पुटपुटायच्या, "यो माज्या मसाल्याच्या डब्यासारखा, कालीमिरीचा," नाहीतर "यो मेला गुलाबपानी शिंपरल्यासारखा." दादा डोळे मिटून मान हलवायचे आणि तेच थोडं थाटात आम्हाला सांगायचे. जयराम मला कोपराने ढोसायचा. म्हातारपणी वयनीला कंठ फुटला म्हणायचा. आम्ही हसायचो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

वहिनी चैत्रात गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि दवाखान्यात न्यायला रिक्षा येईपर्यंत संपल्या. तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दोन दिवसांनी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तर सगळं घर करपलेल्या भाताच्या वासाने भरलेलं. शेगडीवर टोप काळा ठिक्कर, आणि दादा त्याच्यापासून चार हातांवर पाटावर बसून पेपर वाचत होते. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

"काय झाला?" त्यांनी विचारलं.

"दादा, भात जळला. तुम्हाला वास नाही आला?"

त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "मास्तर, तापात माजा नाक गेला. तवापासून कायच येत न्हाय. अगरबत्ती पेटली का इझली, ते मना डोल्यांनी बगावा लागतं. तिला तेवरा ठावा व्हता."

मी टोप मोरीत नेऊन त्यात पाणी ओतलं. वहिनी दारात उभ्या राहून चार वर्षं आपलं नाक नवऱ्याला देत होत्या, आणि त्याचा मान त्याच्याकडेच ठेवत होत्या. कुणाला सांगू नका, एवढंच दादा म्हणाले. मी शब्द दिला.

ज्येष्ठात जांभळीखाली सडा पडला. दादांनी वाकून वाकून एकेक फळ वेचलं. वहिनींची बरणी तेराव्याच्या गर्दीत कुणाच्या तरी हातून फुटली होती, तेव्हा परसात पडलेला एक पांढरा प्लास्टिकचा कॅन त्यांनी सात वेळा गरम पाण्याने धुतला आणि त्यात जांभळं घातली. किती वेळा धुतला, हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं होतं. तिच्या हाताखाली उभं राहून इतकी वर्षं पाहिलंय, तस्संच करतो, म्हणाले. पौषातली बैठक यंदा नको, वर्ष सरलेलं नाही, असं जयरामने सुचवून पाहिलं. दादा म्हणाले, "यो काय सनवार न्हाय. तिचा काम ऱ्हायलाय."

बैठक बसली. बर्फ, मीठ, मोजे, सगळं जागच्या जागी, दार तेवढं रिकामं. दादांनी तिसऱ्या बाटलीचं बूच काढलं आणि ओटीवर डिझेलचा वास सुटला. बारीक नाही, चांगला पेट्रोलपंपावर येतो तसा. जयरामने पेला तोंडाजवळ नेला आणि थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आयुष्यभर प्रत्येक घोटावर भांडलेला तो माणूस खाली मान घालून गप्प बसला. दादांच्या नाकाचं त्याला ठाऊक नव्हतं. त्या क्षणी ते त्याला कळलं असावं.

दादांनी फेस उजेडात धरला. जांभळा रंग पाहूनच त्यांनी बाटली ओळखली होती. एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. "जरा जड लागतो," म्हणाले, आणि पेला खाली ठेवला. "मास्तर, लिवा. पयला नंबर."

जयराम उठून फोन आल्यासारखा बाहेर गेला. त्याचा भरलेला पेला मला नंतर केळीच्या बुंध्याशी सापडला.

तो गेल्यावर दादा माझ्याजवळ सरकले. "वास येत व्हता तवा तिला चौथा दिला. वास गेला, तरी चौथाच देत ऱ्हायलो, निसता मागचा बगून. आता पयला द्यायचा हाय, तर नाक न्हाय. खोटा नंबर तिला चालाचा न्हाय." त्यांनी तिसरा पेला माझ्या हातात दिला. "तू हुंग. माज्या बाजूनं हुंग नं खरा सांग. तिच्यासारखा येतं का?"

मला त्यांनी कधीच 'तू' म्हटलं नव्हतं. मी पेला नाकाशी धरला. त्या डिझेलखाली कुठे जांभूळ आहे का, ते मी खरंच शोधलं. आणि शोधताना माझ्या ध्यानात आलं की वहिनींच्या वाइनचा वास नेमका कसा होता, ते मला सांगता येत नाही. त्यांच्या हातची अखेरची बाटली माझ्याच घरी आली होती. दिवाळीत पाहुण्यांबरोबर, फराळाच्या गप्पांत आम्ही ती संपवली. मी पेला हुंगलासुद्धा नव्हता.

"येतो, दादा," मी म्हणालो. "अगदी तस्साच येतो."

"मंग झाला," ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला आणि तो सगळा पिऊन टाकला. मी त्यांना अडवलं नाही. अडवायचं तर खरं सांगावं लागलं असतं. रात्रभर मी त्यांच्या खोकल्याचा कानोसा घेत जागा होतो. सकाळी ते नेहमीसारखे झाडांना पाणी घालताना दिसले, तेव्हा मला रडू आलं.

पुढच्या पौषात बैठक झाली नाही. बाटल्या मिळाल्या नाहीत, एवढंच दादांनी सांगितलं. माझ्याशी ते पूर्वीसारखेच होते, उलट जरा जास्तच मऊ. संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत, माझी बायको काय रांधतेय ते तिला विचारून घेत आणि मग मोठ्याने म्हणत, "वा, काय वास हाय." ती खूश व्हायची. गेल्या भाद्रपदात दुपारी झोपले, ते उठले नाहीत.

जयराम महिन्याने ती वही घेऊन आला. "तुमचा अक्षर हाय, तुमीच ठेवा," म्हणाला. तोही बसला नाही, मीही आग्रह केला नाही. शेवटच्या पानावर माझ्या वळणदार अक्षरात जांभळाच्या वाइनपुढे 'प्रथम क्रमांक' होतं. त्याच्यावर आडवी रेघ मारलेली. खाली दादांचं मोठं, जहाजावरच्या पावत्यांवर असायचं तसं अक्षर, जपून शुद्ध लिहिलेलं:

'नंबर रद्द. बैठकीनंतर कॅन परत धुऊन उलटा वाळत घातला तेव्हा तळाला जयरामच्या ट्रेलरचा नंबर दिसला. डिझेलचा कॅन. ही वाइन तिची नाही. मास्तर खोटं बोलले, त्यांच्यावर राग नाही. तिची वाइन आता कोणाला मिळणार नाही, म्हणून तिचा नंबर लागणार नाही. शेवटचा लागलेला नंबर चौथा.'

वासाच्या रकान्यात मी काय लिहिलं होतं, ते त्यांनी गिरवून गिरवून खोडलं होतं. शेजारी लिहिलं होतं, 'मला येत नाही.'

ज्येष्ठात जांभळीखाली अजून सडा पडतो. मी कुंपणाजवळ जाऊन उभा राहतो, दोनचार फळं हातावर चुरतो आणि डोळे मिटून हुंगतो. वहिनींच्या वाइनचा वास आठवायचा असतो. दर वेळी आधी डिझेलचाच वास आठवतो.