अभ्यास न करता दिलेली तपासणी

परीक्षेचं भूत माझ्या मानगुटीवरून कधी उतरलंच नाही. डायबेटिसची रक्ततपासणी जवळ आली की चार दिवस आधी भात बंद, गोड बंद, जेवणानंतर तरातरा चालणं सुरू. रिपोर्ट चांगला आला की त्याच संध्याकाळी श्रीखंड! हे मी बाबांकडून शिकले. पुण्यात ते दर वेळी असेच पास व्हायचे. पास होता होता त्यांच्या किडन्या कधी गेल्या, ते कुणाला कळलं नाही. लघवीची साधी तपासणी कधी झालीच नव्हती. आता ते आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होते, आणि विमानं बंद असल्यामुळे मी इथे परदेशात, टिलबर्गमध्ये अडकले होते.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी हाउसआर्ट्सकडून, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडून, डायबेटिसच्या नर्सचा फोन आला. सकाळची पहिली लघवी बाटलीत भरायची आणि दाराबाहेरच्या खोक्यात ठेवायची, आत यायचं नाही. तिच्यात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन जास्त सापडलं, तर ती किडनीची गाळणी बिघडू लागल्याची पहिली खूण असू शकते, असं तिने समजावलं. मी लगेच कंबर कसली. दोन दिवस बार्लीचं पाणी ढोसलं आणि आदल्या संध्याकाळी लॅपटॉपसमोर एकशे आठ सूर्यनमस्कार घातले. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत लघवीची बाटली बघून आई काय म्हणेल, असं सकाळी सायकलवर टांग टाकताना मनात आलं, पण बाटली पोचवलीच.

अल्ब्युमिन वाढलेलं निघालं.

फोन हातात घेऊन मी जिन्यावरच बसले. वय एक्केचाळीस, आणि डोळ्यांसमोर बाबांचं मशीन. नर्स विचारत होती, ताप होता का, लघवीला जळजळ होते का, आदल्या दिवशी खूप व्यायाम केला होता का? चोराच्या मनात चांदणं! मी सगळ्याला "नाही" म्हणून टाकलं.

फोन ठेवल्यावर डोक्यात उजेड पडला. तिने व्यायामाचं का विचारलं? दहा मिनिटांत मी उलट फोन लावला आणि धडाधडा सगळं ओकले. एकशे आठ हा आकडा ऐकून ती खोखो हसली. म्हणाली, "इतक्या व्यायामाने एखादा दिवस प्रोटीन वाढू शकतं."

"आणि बार्लीचं पाणी?"

"त्याने काही साधत नाही. लघवी किती पातळ आहे, तेही लॅब बघतेच."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! पण मला इतका आनंद झाला की मी तिला मराठीतच "थांबा थांबा" म्हणत कागद-पेन शोधायला धावले. आनंद अर्धाच होता, कारण खरं काय ते अजून ठरायचं होतं. काही आठवड्यांच्या अंतराने आणखी दोन बाटल्या द्यायच्या, आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नाही, बाकी नेहमीसारखं राहायचं. नेहमीसारखं राहून परीक्षेला बसायचं! मला जमतच नव्हतं. आमटीभात मी चमचाभरच वाढून घ्यायचे, नवरा म्हणायचा, "अगं, जेव." मी जेवले.

दोन्ही रिपोर्ट स्वच्छ आले. दुसरा आला तेव्हा मी स्वयंपाकघरात अक्षरशः उड्या मारल्या आणि लगेच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते नुकतेच डायलिसिसहून आले होते.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास, बाबा! दोन्ही वेळा! आणि काही तयारी न करता!"

ते हसले. मग दंडावरची पट्टी चाचपत म्हणाले, "मला वाटायचं, मी डॉक्टरला फसवतोय."

मी फोन जरा जवळ धरला.

"पुढच्या वर्षी आठवणीने दे हो बाटली," ते म्हणाले. "आणि आदल्या दिवशी भात खाऊन घे."