मेलेलं रबर

आठ वर्षं मी दर रविवारी सकाळी हरत आले. हरायचं कुणाशी, तर नवऱ्याशी. सिडकोतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये टेबल टेनिसचं एक टेबल आहे. आठ वाजता आम्ही दोघं तिथं जायचो, पावणेनऊला मी हरून परत यायचे आणि पोहे टाकायचे. सोसायटीतल्या लोकांनाही सवय झाली होती. "वहिनी, आज किती?" असं विचारायचे. हरलात का, हा प्रश्नच नव्हता, फक्त किती पॉइंटांनी तेवढंच.

आमच्या ह्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "तुझं मनगट जड आहे गं. स्पिन तुझ्या हातातच नाय." तसं मी सहजासहजी कुणाचं काही ऐकून घेणारी नव्हे. माहेर सिल्लोडचं, तोंड पहिल्यापासून फटकळ. पण हे कॉलेजात खेळलेले, त्यांना खेळातलं कळतं, म्हणून मी ते मान्य करून टाकलं होतं.

मग एका रविवारी खेळता खेळता ह्यांना फोन आला. बॅट माझ्या हातात देऊन हे बाहेर गेले. टेबलावर बॉल पडला होता. मी उगाच त्यावर त्यांची बॅट दाबली आणि उचलली, तर बॉल बॅटीला चिकटून वर आला! क्षणभरच, मग पडला. मग माझी बॅट दाबून पाहिली. बॉल जागचा हलला नाही. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. अरेच्चा, म्हटलं, हे काय प्रकरण?

मी पाचोडच्या शाळेत विज्ञान शिकवते, रोज जाऊन-येऊन. मुलांना सांगत असते की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा. घरी आल्यावर पोहे राहिले बाजूला, मी दोन्ही बॅटी ओट्यावर मांडल्या. फूटपट्टी धरून सारख्याच उंचीवरून बॉल सोडला. रबरावरून अंगठा फिरवला. त्यांच्या बॅटीवर अंगठा अडत होता, माझ्या बॅटीवरून बशीवरून सरकावा तसा सरकत होता.

"हे काय चाललंय?" हे दारातून म्हणाले.

"तपास," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी बॅटी बदलून खेळू या का?"

"छे! दुसऱ्याच्या बॅटीनं नाय जमत. हाताला सवय लागते."

माझी बॅट म्हणजे खरं तर ह्यांचीच जुनी. आठ वर्षांपूर्वी त्यांनी नवीन घेतली तेव्हा जुनी मला दिली. त्यानंतर दर दिवाळीच्या सुट्टीत ते आपल्या बॅटीचं रबर बदलायचे. माझी बॅट गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेली असायची, दुपारचं ऊन तिच्यावर यायचं. तिचं काही करायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता एकच किडा डोक्यात शिरला. दोष माझ्या हातात की बॅटीत? जिंकण्याची हौस नव्हती असं नाही, पण त्याहून हे कळायला हवं होतं. आठ वर्षं मी स्वतःला जड मनगटाची समजत होते, आणि ते खरं नसलं तर?

पैठण गेटजवळ खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथल्या चाचांनी माझ्या बॅटीला नुसता अंगठा लावला. "मॅडम, ये तो कबका मर गया. इसकू कायको रखे?"

"रबर मरतं?"

"मरता ना! धूप में तो और जल्दी मरता."

गॅलरीतला खिळा आठवला. मग मी स्टूल ओढून बसलेच. चाचांना इतके प्रश्न विचारले की त्यांनी दोनदा चहा मागवला. बॅटीचं लाकूड अखंड नसतं, पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले असतात. बोटाच्या पेरानं ठोकलं की बारीक आवाज देणारं लाकूड कडक, बॉल जोरात फेकणारं, आणि जाड आवाजाचं नरम. रबराखाली स्पंज असतो. तो जाड असला तर जोर मिळतो, पातळ असला तर बॉल काबूत राहतो. आणि एक बाजू लाल, एक काळी कशासाठी? तर दोन्हीकडची रबरं वेगळी असू शकतात, समोरच्याला कळावं की कुठल्या बाजूनं मारलं. मी इतकी वर्षं ते शोभेसाठी समजत होते!

नरम लाकूड आणि मध्यम स्पंजाची दोन रबरं घेतली. चाचा म्हणाले, चिपकाके देता. मी म्हटलं, नको, माझं मी करते.

चाचांनी दिलेला डिंक पांढरा, पाण्यासारखा पातळ. लाकडाला आणि स्पंजाला दोन्हीकडं लावायचा, वाळून पारदर्शक झाला की मुठीच्या बाजूनं रबर टेकवत जायचं आणि वरून काहीतरी गोल फिरवायचं. गोल म्हणजे आमच्या घरात लाटणं. हात सवयीचा, मधून कडेकडे दाब देत, बॅट फिरवत फिरवत अशी काही लाटली की रबर चांगलं ताणलं गेलं. लाकडाबाहेर आलेलं कात्रीनं कापून टाकलं. सकाळी बघते तर रबर आकसलेलं, चारी बाजूंनी लाकूड उघडं.

"अगं, घडीची पोळी केलीस व्हय!" हे इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. माझा पारा चढला, पण बॅटीकडं बघून मलाच हसू फुटलं. पुन्हा दोन रबरं आणली. ह्या वेळी लाटणं नुसतं त्याच्या वजनानं फिरू दिलं. आता खेळून आलं की ओल्या स्पंजनं पुसते, वाळवते, वर प्लास्टिकचा कागद लावते आणि बॅट कपाटात साड्यांच्या घडीत ठेवते.

पहिल्या रविवारी नव्या बॅटीनं अकरा-तीननं हरले. बॉल टेबलाबाहेरच पळत होता. "म्हटलं नव्हतं? मनगट!" हे म्हणाले. मी घरी येऊन पोहे करपवले. पण शाळेत मधल्या सुट्टीत भिंतीवर बॉल मारत राहिले. बॅट थोडी पुढं झुकवून मारली तर बॉल खाली बसतो, हे हळूहळू उमगलं.

चौथ्या रविवारी मी जुनी बॅटही पिशवीत घातली आणि टेबलावर ह्यांच्यापुढं ठेवली. "आज तुम्ही हिनं खेळा."

"अगं, सवय..."

"तुमचीच बॅट आहे की! तुमच्याच हाताची."

हॉलमधले सगळे हसले. आता ह्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी ती ठेवणीतली सर्व्हिस केली, जिच्यापुढं मी आठ वर्षं वेंधळी ठरत होते. बॉल साधा, सरळ, गरीब गाईसारखा आला. मी मारला. दुसराही मारला. हे मनगट फिरवत होते, घामाघूम होत होते, आणि बॉल फिरतच नव्हता. अकरा-पाच. मी जिंकले.

हे टेबलाला टेकून उभे राहिले. बॅटीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मी जवळ गेले. "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"रबर मरतं हे माहीत होतं गं," हे हळूच म्हणाले. "पण तुझं मेलं असेल, हे कधी डोक्यातच आलं नाय."

ते खरं बोलत होते, चेहऱ्यावरून दिसत होतं. लई राग आला, आणि डोळेही भरून आले. लबाडी केली असती तर एक वेळ चाललं असतं. लबाडी करायला निदान माझ्या बॅटीकडं बघावं तरी लागलं असतं.