हँगभाऊचं वाक्य

ये ग नातीबाई, कागदातूनच अशी जवळ सरक. आणि पुढे वाचण्याआधी थोडी बोलणी खा. तू इकडे आलीस आणि मी बोलायला लागले की माझं वाक्य मधूनच उचलतेस आणि आपल्या मनानं पुरं करून टाकतेस, ती सवय सोड. यंदा उन्हाळ्यात माझ्या तोंडावरून हलकंसं वारं गेलं, तेव्हापासून शब्द ओठापर्यंत येतो आणि उंबऱ्यावर बसून राहतो. मी 'पा' म्हटलं की तू पाण्याचा पेला घेऊन धावतेस. मला पानाचा डबा हवा असतो. पाणी पिऊन पिऊन पोट फुगलं माझं. म्हणून म्हटलं, हे लिहूनच काढावं. कागदाचं बरं असतं, तो मध्ये बोलत नाही.

तुझ्या हँगमामाबद्दल तू नेहमी विचारतेस आणि मी नेहमी विषय बदलते. आज बदलत नाही.

हँगभाऊ माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली आणि तो महागावहून आमच्याकडे पुसदला राहायला आला. माणसाशी बोलताना तो अडखळायचा. एखाद्या अक्षरावर जीभ अशी रुतून बसायची की समोरचा माणूस आधी हसे, मग घड्याळ पाही, मग भिंत. वर्गातल्या पोरांनी नाव पाडलं हँग्या, कारण कॉम्प्युटर हँग होतो तसा हा वाक्याच्या मधोमध थांबतो. आणि मोठेपणी ह्यानं काम धरलं ते कोणतं? लोकांचे गेम खेळायचे कॉम्प्युटर अडखळू नयेत, चित्र मोठं आणि लख्ख दिसावं, तरी लोण्यासारखं सरकावं, असे ते जुळवून द्यायचे. या कामाला तो 'चालीवर आणणं' म्हणायचा, नव्या बैलाला आणतात तसं.

आमच्या पुढच्या खोलीत त्यानं दुकान टाकलं आणि दारावर पाटी लावली: 'हँगभाऊ. गेमिंग कॉम्प्युटर चालीवर आणून मिळतील.' ती पाटी पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारीण विचारी, "काहो बाई, हे नाव काहून ठेवलं?" मी म्हणे, इंग्रजी शब्द आहे, चांगला अर्थ असतो त्याचा. घरात येऊन त्याला म्हटलं, "बाबू, आपली फजिती आपणच कायले रंगवून लावतं रे?"

तो हसला. "मा-मावशी, ज्याचं मशीन हँग होते, तो हेच ना-नाव शोधत येते."

गिऱ्हाईक आलं की तो लगेच हात घालत नसे. "आधी खे-खेळा," म्हणायचा. गिऱ्हाईक खेळे, आणि हा पडद्याकडे न पाहता मान तिरपी करून कॉम्प्युटरच्या पेटीतल्या पंख्याचा आवाज ऐके. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा नाचत असायचा, एका सेकंदात किती चित्रं सरकतात त्याचा. आता नव्वद, आता चाळीस, पुन्हा नव्वद. खेळणाऱ्यांना नव्वदचं भारी कौतुक. हा तो आकडा साठवर बांधून टाकायचा आणि म्हणायचा, "मोठा नको, सा-सारखा पायजे." मग गेममधल्या झाडांच्या सावल्या हलक्या करी. "सावली कोण मो-मोजते?" चित्र आतल्या आत जरा लहान काढायचं आणि पडद्यावर मोठं करून दाखवायचं, अशीही एक युक्ती होती त्याच्याकडे. मला ती फार आवडायची. आपण पाहुण्यांपुढे तेच करतो की.

पण त्याचं खरं बोलणं एकच होतं: "गरम झालं की अडखळते." पेटी तापली की आतलं यंत्र जीव वाचवायला स्वतःच पाय ओढतं, असं तो सांगे. त्याला घाई करून उपयोग नसतो. त्याला हवा द्यावी लागते. मी तूर निवडत खोलीतच बसलेली असे. शंभरदा ऐकलं मी हे वाक्य. तो फक्त पेटीबद्दल बोलतो आहे असंच मला वाटायचं.

माझी सवय तुला ठाऊक आहे, शांतता सोसत नाही मला. तो अडखळला की समोरच्याच्या आधी मलाच घाम फुटायचा. मग मी त्याचा शब्द पुरा करून टाकायची. प्रेमानंच करायची, पण खरं सांगते, प्रेम निम्मं आणि लाज निम्मी. आपल्या घरातलं माणूस चारचौघांत असं तोंड उघडं ठेवून थांबलेलं मला पाहवत नव्हतं.

एकदा एक सोयाबीनचा अडत्या आला. घर कापसाच्या जिनिंगच्या बाजूला, भलामोठा पडदा घेतलेला, नवीकोरी पेटी, आणि गेम चाले लंगडत. हँगभाऊनं आवाज ऐकला आणि सांगायला लागला, "तुम्ही रा… रा…"

"रॅम!" मी सुपातून मान वर करून म्हटलं. "रॅम वाढवा म्हणते तो."

अडत्या खूश. हा हात हलवून 'थांबा, थांबा' करतो आहे तोवर तो पेटी उचलून गेलासुद्धा. चार दिवसांनी रॅम घालून परत आला. मशीन तसंच लंगडं. हँगभाऊनं पेटीचं झाकण काढलं. आतल्या पंख्याला जिनिंगमधून उडालेली रुई अशी गच्च बसली होती की एक समईची वात झाली असती. शिवाय पडद्याची वायर लावली होती भलत्याच खोबणीत. त्यानं रुई काढली, वायर बदलली, आणि पडद्यावरची मोटार अशी पळायला लागली की अडत्या खुर्चीत वाकडा झाला.

"मी म्हणत होतो, रा-राहू द्या. नवीन काही घे-घेऊ नका."

अडत्या हसला. "बाई, तुमच्या भाच्यापेक्षा तुमचंच नेटवर्क फास्ट आहे!" मीसुद्धा हसले. हँगभाऊही हसला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्याच सुमारास एका दुपारी मी चहा घेऊन गेले, तर खोलीतून बोलण्याचा आवाज. सलग, मऊ, एकही खड्डा नसलेला. मला वाटलं कोणी पाहुणा आला. डोकावले तर हा एकटाच. उघड्या पेटीपुढे मांडी घालून बसला होता आणि पंख्याची पाती पुसता पुसता तिला सांगत होता, "घाबरू नको, आता मोकळा श्वास घे, आपल्याला कुठंच जायची घाई नाही." पुरं वाक्य, एका दमात. मला पाहिलं आणि म्हणाला, "च-चहा?"

कप ठेवून मी परत आले, पण गं, स्वयंपाकघरात कितीतरी वेळ मला ओट्याकडे तोंड करूनच उभं राहावंसं वाटलं. ह्या घरात त्याला घाई न करणारी एवढी एक पत्र्याची पेटी होती.

एवढं दिसूनही मी काय शिकले ते पुढे ऐक.

ढाणकीचं एक स्थळ आलं. मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स. फोटो पाहून हँगभाऊ दोन दिवस शीळ घालत फिरला. शीळ मात्र त्याची कधीच अडखळायची नाही. जायच्या दिवशी त्यानं शर्ट तीनदा बदलला आणि जीपमध्ये मला म्हणाला, "मावशी, आज मीच बो-बोलतो. तू फक्त पो-पोहे खा." मी म्हटलं, "खातो रे बाबा, तोंडात पोहेच ठेवतो."

मुलगी आली. सावळी, धीट, डोळ्याला डोळा देणारी. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, त्यानं दोन-तीन उत्तरं दिली, अडखळत पण दिली. मग तिनं सरळ त्यालाच विचारलं, "लग्न झाल्यावर मी नोकरी सोडावी, असं तुम्हाला वाटतं का?"

तो म्हणाला, "अ…"

आणि रुतला. "अ… अ…"

मुलगी हसली नाही. तिनं हातातला कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. ती थांबली होती, ग. दवाखान्यातली बाई ती, दुखऱ्या माणसाला वेळ द्यायची सवय असणार. पण तिचा बाप छताच्या पंख्याकडे पाहायला लागला, काका खाकरले, दारातल्या बायांपैकी कोणीतरी पदर तोंडाला लावला. माझे कान तापले. आणि पाहुण्यांपुढे मी माझी ती ठेवणीतली पुस्तकी भाषा काढली.

"अर्थातच!" मी म्हटलं. "आमच्याकडे सुनेला कशाची कमी पडणार आहे? बाहेर खपायची गरजच काय?"

मुलीनं मान खाली घातली. हँगभाऊनं माझ्याकडे पाहिलं. तो आणखी काही बोलू पाहत होता, पण आता 'अ' सुद्धा निघेना. ओठ नुसते हलत होते. पोरीच्या बापानं तेवढ्यात पानाचं तबक पुढे केलं आणि बोलणं पावसापाण्यावर गेलं.

परत येताना तो जीपच्या खिडकीशी बसला. मीच म्हटलं, "छान झालं ना रे? मुलगी साजरी आहे."

त्यानं खिडकीबाहेर पाहतच सांगितलं, "अ-अजिबात नाही, असं म्हणत होतो मी. नोकरी अजिबात सो-सोडू नका." मग थोडं थांबून, "मावशी, ते मा-माझं वाक्य होतं."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

निरोप आला तो ठरलेलाच होता: मुलीला नोकरी सोडायची नाही. मी रडत म्हटलं, मी ढाणकीला जातो, पाय धरतो, चूक माझी होती म्हणून सांगतो. त्यानं मान हलवली. "आता गे-गेलो तर ती म्हणेल, ह्याले पढवून पाठवलं. आणि तूच गे-गेली तर, पुन्हा तूच बोलली ना?"

मी पायात सरकवलेल्या चपला काढून पुन्हा कोपऱ्यात ठेवल्या.

दिवाळीनंतर तो नागपूरला गेला. तिथल्या एका मोठ्या दुकानात हेच काम करतो. रागावून गेला नाही, वाकून नमस्कार करून गेला. पाटी मात्र काढायची राहिली. जिची मला एवढी लाज वाटायची ती पाटी मीच आता ओल्या फडक्यानं पुसते. कोणी विचारलं तर सांगते, माझ्या भाच्याचं नाव आहे. इंग्रजीचा आडोसा घेत नाही.

दर रविवारी त्याचा फोन येतो. माझं तोंड असं झाल्यापासून सगळे माझे शब्द झेलायला टपलेले असतात. तू, तुझी आई, दूधवालासुद्धा. एक तोच थांबतो. मी अडकले की पलीकडून नुसता त्याचा श्वास ऐकू येतो. त्याला कुठंच जायची घाई नसते.

गेल्या रविवारी मी ठरवूनच फोन कानाला लावला. माफ कर बाबू, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं. "मा…" म्हटलं, आणि रुतले. "मा… मा…" तो थांबला. खूप थांबला. ते वाक्य पुरं करायला त्यानं मला हवा तेवढा रस्ता मोकळा करून दिला होता, आणि ऐन वेळी माझ्याच जिवाला लाज आडवी आली. मी म्हटलं, "मा… मावशी बोलून राह्यली."

पलीकडे तो जरासा हसला. म्हणाला, "मा-माहीत आहे मले."

त्याला काय माहीत आहे, ते मी विचारलं नाही.

पोळ्याला तो येतो म्हणाला आहे. या वेळी वाक्य बदलायचं नाही, असं मी ठरवलं आहे, पण माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून तू हवीस. पाण्याचा पेला खाली ठेवून माझ्याजवळ बस आणि मी कितीही अडले तरी मध्ये बोलू नको, दुसऱ्या कोणाला बोलू देऊ नको. लवकर ये ग. त्याच्या आधी दोन दिवस ये.