हँडलमामाची मागची सीट

हँडलमामा पायी चालायचा तेव्हाही त्याची कोपरं बाहेरच असायची. खांद्याइतक्या उंच हँडलची मोटारसायकल चालवून चालवून हातांना तेच वळण पडलं होतं. हा माझा सख्खा मामा, सापगावचा, आसनगावकडच्या एका कारखान्यात फिटर. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, तरी कोपरं पसरून चालणारा कुणी दिसला की मी अजून वळून बघतो.

गाडी मुळात चांगली देखणी क्रूझर होती. पण शोरूममधून आली तशीच ती चालवणं मामाला कमीपणाचं वाटायचं. आधी हँडल बदललं, मग मागचं टायर रुंद झालं, मग सगळी चकाकी झाकून काळा रंग चढला. ओव्हरटाइमचा पैसा पडवीच्या प्लास्टरसाठी बाजूला पडायचा आणि कल्याणच्या गॅरेजात जाऊन जिरायचा. मामी दर दिवाळीला पडवीच्या उघड्या विटा दाखवायची. मामा शांतपणे म्हणायचा, "भिंतीवर बसून कुठं जाता येतं काय गो?"

टाकीवर काय काढू, गरुड की कवटी, असं पेंटरनं विचारलं तेव्हा मामानं पिशवीतून भाताची लोंबी काढून त्याच्यापुढे ठेवली. कवटी कशाला, आमच्या घरात जिती माणसं राहतात, असं त्याचं म्हणणं. पेंटरनं बिचाऱ्यानं दाणा न् दाणा रंगवला.

मग एका वर्षी मामानं मागची सीटच कापून टाकली. एकट्यापुरती बुटकी बैठक, मागे नुसतं मडगार्ड. गाडी झकास दिसायला लागली, यात वादच नाही. पण बायकोला आता डोक्यावर बसवणार काय, म्हणून सगळ्या भावकीनं त्याला धारेवर धरलं. मामी तेवढी काहीच बोलली नाही. तेच मामाला फार लागलं.

मामीचं माहेर मुरबाडजवळ. तिकडे जायचं झालं की ती प्रवासी जीपमध्ये मागच्या दाराशी बसायची आणि मामा गाडी घेऊन जीपच्या मागे मागे जायचा. वाटेत शेणव्याला जीप थांबली की हाही थांबायचा. ओव्हरटेक करायचं नाही, मागे पडायचं नाही. उगाच शंभर सीसीच्या फटफटीच्या चालीनं तो धूर खात जायचा. लोक हसायचे. मला मात्र वाटायचं, हा आपल्या अपराधाची भरपाई करतोय.

पुढे मामीचे गुडघे धरले. जीपची पायरी चढवेना. मामा मुकाट्यानं कल्याणला गेला आणि लांब सीट, पाठीला टेकण, एका बाजूला पाय ठेवायची पट्टी, सगळं लावून आला. आता हिचा लूक गेला, असं गॅरेजवाला हळहळत म्हणाला म्हणे. मामा म्हणाला, जाऊ दे.

मामीच्या भाच्याच्या हळदीला ती दोघं पहिल्यांदा त्या सीटवरून आली. मी आधीच मुरबाडला पोचलो होतो. मामानं अंगणात गाडी उभी केली, मामीला हात धरून उतरवलं आणि बरं वाटलं ना, असं भीत भीत विचारलं.

मामीनं पदर सारखा केला. "सीट चांगली हाय वो. पण जीपमधून सगळ्या रस्त्यानं तुमचं तोंड दिसायचं. आज नुसती पाठ बघितली."

मामा नळावर गेला आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.